न करण्याची यादी

दशरथ किसन सरवदे हे माझे थोरले बंधू. नोकरीतले अनुभव लिहा, असा या दिवाळी अंकाच्या संपादकांचा निरोप आला तेव्हा पहिलं वाक्य हेच लिहायचं, हे मी ठरवून टाकलं. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. तीस वर्षं धाराशिवच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवला आणि गेल्या वर्षी निवृत्त झालो. दादांनी सातवीनंतर शाळा सोडली, वीटभट्टीवर कामाला लागले आणि मला बेंबळीच्या शाळेत घातलं. आमच्या वडिलांना, आबांना, अक्षरओळख नव्हती. त्यामुळं माझ्या प्रगतिपुस्तकावर पालक म्हणून सही दादांची असायची. ती सही करायची त्यांची एक रीत होती. आधी डावीकडून उजवीकडं एक लांब आडवी रेघ ओढायची, आणि मग वलणीवर धुणं वाळत घालावं तशी तिच्याखाली एकेक अक्षर टांगायचं. अक्षरं संपली तरी रेघ बोटभर पुढं उरायची.

या लेखात घरातली एक गोष्ट येणार आहे, म्हणून आधी दादांना विचारलं. ते म्हणाले, "लिही. पर खरं लिही. नुसतं चांगलंच लिहिशील तर कोण वाचायचं न्हाय."

तर खरं लिहितो.

इतिहासाच्या मास्तराचं काम लोकांना सोपं वाटतं. सनावळ्या सांगायच्या, लढाया सांगायच्या, घंटा झाली की खडू ठेवायचा. प्रत्यक्षात निम्मा वेळ शब्दांत जातो. परकं नाव आधी मुलांच्या जिभेवर बसवावं लागतं, तेव्हा कुठं ते डोक्यात उतरतं. आमची मुलं एस.टी.नं तेर, बेंबळी आणि आजूबाजूच्या खेड्यांतून यायची. बहुतेकांच्या घरी पुस्तक म्हणजे शाळेचंच. माझ्या वाट्याला 'मध्ययुगीन युरोप' हा पेपर आला, तो दुसऱ्या कुणालाच नको होता म्हणून. पहिल्या वर्षी मलाही नको होता.

त्या पेपरात इटलीतल्या व्हेनिस शहरावर दीड पान होतं. व्हेनिस म्हणजे समुद्राच्या पाण्यात वसलेलं व्यापाऱ्यांचं शहर. तिथं राजा नव्हता. प्रजासत्ताक होतं, आणि त्याचा प्रमुख निवडून दिला जायचा, तोही तहहयात. त्याला म्हणायचे डोजे. आमच्या पुस्तकात छापलं होतं 'डोज', आणि मुलांनी त्याचा 'डोस' केला. लसीकरण होऊन गेल्यावर तर विचारूच नका. एका उत्तरपत्रिकेत मी वाचलं, 'व्हेनिसचा पहिला डोस आंधळा होता. तो लोकांनी स्वतःहून घेतला.' मी पाचापैकी एक गुण दिला, 'स्वतःहून' या शब्दासाठी.

तेरच्या मुलांची ऐट वेगळीच. त्यांच्या गावाचा प्राचीन काळी रोमशी व्यापार होता, आणि हे त्यांना पाळण्यात असल्यापासून ठाऊक. एकानं विचारलं, "सर, आमच्या गावचा माल रोमला जात हुता तवा तुमचं व्हेनिस पाण्यातून वर आलं हुतं का?" नव्हतं आलं. मी ते दरवर्षी मान्य करायचो आणि मग पुढं शिकवायचो.

पण ज्या प्रश्नानं मला या पेपरावर प्रेम करायला लावलं, तो मागच्या बाकावरून आला होता.

"सर, निवडून आला म्हंता, मग मरस्तोर कसा काय?"

"तशीच रीत होती तिथली."

"मग आपला सरपंच बरा की. पाच वर्सानं सुटका."

वर्ग हसला. मी म्हणालो, "तहहयात होता, म्हणूनच त्याला आधी बांधून घ्यायचे."

"दोरीनं?"

"शब्दानं."

डोजेला पदावर बसताना एक लांबलचक लेखी शपथ घ्यावी लागे. आपल्याकडं उमेदवार जाहीरनामा काढतो: हे करीन, ते करीन, पाणी आणीन. डोजेच्या शपथेचा जीव होता तो काय करणार नाही यात. न्यायात आपपरभाव करणार नाही. राज्याची गुपितं फोडणार नाही. सल्लागारांना विचारल्याशिवाय परक्या राजांना पत्रं धाडणार नाही. एकेक डोजे होऊन गेला, त्यानं कुठं हात मारला हे लोकांनी पाहिलं, की पुढच्याच्या शपथेत एक कलम वाढायचं. पुढं पुढं तर बाहेरून आलेलं पत्र एकट्यानं उघडायचं नाही, मुलांना पदं द्यायची नाहीत, इथपर्यंत मजल गेली. डोजेच्या बायकोलासुद्धा शपथ घ्यावी लागे. मी त्या शपथेला वर्गात 'न करण्याची यादी' म्हणायचो. हा शब्द कुठल्या पाठ्यपुस्तकात नाही. माझा आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे. धाराशिवच्या बाजारात आजही एखादा मिशीवाला गृहस्थ मोटारसायकल थांबवून विचारतो, "सर, ती न करण्याची यादी अजून शिकवता का?" सनावळी तो केव्हाच विसरलेला असतो.

ज्याची शपथ आज पूर्णपणे वाचायला मिळते, असा सगळ्यांत जुना डोजे बाराव्या शतकाच्या अखेरीस निवडून आला. तोच तो आंधळा. चाळीस जणांनी त्याला निवडलं, तेव्हा तो इतका म्हातारा होता की कुणाला वाटलं असेल, वर्ष-दोन वर्षांचा प्रश्न आहे. व्यापारी घराण्यातला माणूस. तरुणपणी नव्हे, चांगला पिकल्यावर त्याला कॉन्स्टँटिनोपलला, पूर्वेकडच्या बादशहाच्या राजधानीत, वकील म्हणून पाठवलं होतं. पुढं त्याची नजर गेली. काही जण म्हणतात तिथल्या बादशहानं डोळे घालवले. तो स्वतः सांगायचा, डोक्याला मार लागला होता. अभ्यासकांनी त्याच्या सह्या तपासल्या. जुन्या कागदावर अक्षरं एका ओळीत आहेत. नंतरच्या कागदावर ती ओळ सोडून भरकटलेली आहेत. एवढ्यावरून त्यांनी नजर केव्हा गेली याचा अंदाज बांधला.

हे मला इतकं आवडायचं, की मी सगळ्या वर्गाला डोळे मिटून आपापलं नाव लिहायला लावायचो. सगळ्यांची नावं उतारावरून घसरल्यासारखी खाली जायची. एका वर्षी एका मुलीचं नाव अगदी सरळ आलं. मला वाटलं, हिनं डोळे किलकिले केले. ती म्हणाली, "न्हाय सर, म्या खाली डाव्या हाताचं बोट धरलं हुतं." त्या डोजेलाही कुणी तरी हे सुचवायला हवं होतं.

त्याची कारकीर्द मुलं कान टवकारून ऐकायची. त्यानं चोख चांदीचं नाणं पाडलं, ते सगळीकडं चाललं. धर्मयुद्धाला निघालेल्या सरदारांनी व्हेनिसकडून जहाजं बांधून घेतली आणि त्यांना पैसे पुरे पडेनात. तेव्हा हा म्हातारा स्वतः जहाजावर चढला. ती मोहीम वळत वळत भलतीकडंच गेली, कॉन्स्टँटिनोपलवर. आपले लोक किनाऱ्याला लागायला कचरतात असं पाहून, दिसत नसताना तो जहाजाच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला, उभा राहिला आणि म्हणाला, मला आधी उतरवा. इथं मागच्या बाकावरची मुलंही पुढं सरकायची. मग मला पुढचं सांगावं लागे. ते शहर त्यांच्याच धर्माच्या लोकांचं होतं, आणि ते दिवसचे दिवस लुटलं गेलं.

एकदा कधीच न बोलणारी एक मुलगी उभी राहिली. "सर, हे यादीत नव्हतं का?"

"काय?"

"दुसऱ्याचं गाव लुटणार नाही म्हणून."

नव्हतं. जे लिहिताना सुचत नाही ते यादीत येत नाही, एवढंच मी म्हणू शकलो. माझ्या तीस वर्षांतला सगळ्यांत चांगला प्रश्न तो. त्याला पाचापैकी किती गुण द्यायचे?

तो म्हातारा तिकडंच वारला, तिकडंच पुरला. तो मोहिमेवर होता तेवढा काळ व्हेनिसमध्ये त्याच्या जागी बसून त्याचा मुलगा कारभार बघत होता. हे वाक्य मी दरवर्षी घंटा होता होता घाईत सांगायचो.

आता घरची गोष्ट.

काही वर्षांपूर्वी आमच्या गावचं सरपंचपद अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव झालं, आणि माझ्या शांतावहिनी, दादांच्या पत्नी, निवडून आल्या. वहिनी नववी शिकलेल्या. बचत गटाचं काम त्यांनी चोख केलेलं, बायकांत त्यांच्या शब्दाला वजन. निकालाच्या दिवशी मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले आणि कुणी न विचारता प्रत्येकाला सांगितलं, "माझ्या सख्ख्या वहिनी."

दोनेक महिन्यांनी गावी गेलो, तो आधी ग्रामपंचायतीच्या कचेरीत शिरलो. खुर्चीवर दादा बसले होते. एक म्हातारा सांगत होता, "सरपंच, आमच्या नळाचं तेवढं बघा." दादा म्हणाले, "बघतो की." मला बघून त्यांनी चहा मागवला.

घरी गेलो तर वहिनी सुपात ज्वारी पाखडत होत्या.

"वहिनी, तुमी गेला न्हाईत कचेरीत?"

"सभा असली की जाते. बाकी ह्ये बघत्यात." सूप थांबवून म्हणाल्या, "माज्यापरीस त्यांनाच हौस लई."

जेवताना मी थट्टेच्या सुरात डोजेची यादी काढली. घरच्या माणसांना पदं द्यायची नाहीत, वगैरे. दादांना माझा डोजे चांगला ठाऊक. भट्टीवरच्या लोकांना ते तो रंगवून सांगायचे. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि विचारलं, "तुझा त्यो आंधळा लढाईला गेला, तवा हितं खुर्चीवर कोण हुतं?"

"त्याचा मुलगा."

"मग? त्याचं पोरगं बसलेलं चालतंय, आन् म्या बसलो की तुझी यादी निघती व्हय?"

सगळे हसले. मीही हसलो. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या ताटात न मागता भाकरी वाढली. हसणं थांबल्यावर दादा हळूच म्हणाले, "आपल्या वस्तीतलं कोण बसलं हुतं का रं आजपतोर त्या खुर्चीवर?"

कुणीच बसलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर खुर्चीवर दादांना पाहून मलाही बरं वाटलं होतं. पुढं जवळजवळ वर्षभर मी तो विषय काढला नाही. वर्गात मात्र यादी शिकवत राहिलो. माझ्या नोकरीतलं सगळ्यांत लाजिरवाणं वर्ष कोणतं, असं कुणी विचारलं तर मी तेच सांगीन.

त्या वर्षी शिष्यवृत्तीचे अर्ज तपासायचं काम माझ्याकडं होतं. एका गुरुवारी आरती नावाची आमच्याच गावची विद्यार्थिनी अर्ज घेऊन आली. सोबत रहिवासी दाखला. खाली ग्रामसेवकांची सही, पंचायतीचा शिक्का, आणि सरपंचांच्या जागी 'सौ. शांता दशरथ सरवदे'. आधी ओढलेली एक लांब रेघ. तिच्याखाली टांगलेली अक्षरं. आणि शेवटी बोटभर उरलेली रेघ.

दुसऱ्या कुणाच्याही नजरेला ती सही साधी सही होती. मी ती पाचवीपासून पाहत आलो होतो.

"ही सही कुणी केली?"

"सरपंचबाईंनी, सर."

"तुझ्यासमोर?"

"न्हाय. तुमच्या दादांनी आत नेला कागद, आन् आणून दिला." ती घाबरली. "का ओ सर? शिक्का हाय की."

"शिक्का आहे. तरी नवा दाखला आण. बाईंना तुझ्यादेखत सही करायला सांग."

"सोमवारी मुदत संपती, सर."

मी तिला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं आणि ग्रामसेवकांना फोन लावला. त्यांनी आधी टाळाटाळ केली, मग आवाज खाली आणून सांगितलं, की निवडणुकीत पडलेल्या गटानं पंचायतीनं दिलेल्या दाखल्यांच्या नकला माहितीच्या अधिकारात मागितल्या आहेत. म्हणजे कधी ना कधी कुणी तरी वहिनींसमोर असा एक कागद ठेवणार आणि विचारणार, ही सही तुमची का? वहिनी काय म्हणतील याची मला खात्री होती. दादांना वाचवायला त्या हो म्हणतील. पद जाईल ते जाईल, पण वस्तीतली पहिली सरपंच चारचौघांत खोटं बोललेली बाई म्हणून लोकांच्या लक्षात राहील.

मी दादांना फोन केला. त्यांनी स्पीकर लावला होता. समोरच्यांना म्हणाले, "बाळू हाय, आमचा प्रोफेसर."

"दादा, जरा बाहेर येऊन बोला."

"बोल की. घरचीच मान्सं हायत."

"आरतीच्या दाखल्याचं बोलायचं होतं."

स्पीकर बंद झाला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दादा बाहेर आले. मग म्हणाले, "लई शिकलास, बाळू. ज्याच्या सहीवर शिकलास त्याचीच सही तपासाया लागलास."

फोन ठेवला गेला. पुन्हा लावला तर त्यांनी उचलला नाही.

तो दाखला अर्जाला जोडून पुढं ढकलणं सोपं होतं. तो वरच्या कार्यालयात दाखवणंही, खरं म्हणजे, सोपंच होतं. नियम माझ्या बाजूनं होता. मला दोन्ही जमलं नाही. मी टेबलापाशी बसून पत्र लिहिलं, अक्षर मोठं काढलं, पाकीट चिकटवलं आणि ते आरतीच्या हाती दिलं. ती संध्याकाळच्या एस.टी.नं गावी गेली.

शुक्रवार गेला, शनिवार-रविवार गेला. सोमवारी सकाळी मी तिच्याआधी येऊन बसलो होतो. आरती आली आणि तिनं नवा दाखला टेबलावर ठेवला. त्यावरच्या सहीत प्रत्येक अक्षराला स्वतःची छोटी रेघ होती आणि दोन रेघांच्या मधे फट. कुणीही सांगितलं असतं, या बाईला सहीची सवय नाही.

"कचेरीत बसून केली बाईंनी," आरती म्हणाली. "त्यांचं पेन चालंना, तर दादांनी आपल्या खिशातलं दिलं."

मी तिचा अर्ज पुढं पाठवला आणि स्टाफरूमच्या खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो.

नंतरचं मला वहिनींकडून कळलं. आधी दिलेले असे आणखी काही दाखले होते. वहिनी स्वतः घरोघर गेल्या, "सही चुकली हुती, बदलून देते," असं सांगून जुने परत घेतले आणि नवे दिले. दादांना त्यांनी सोबत नेलं नाही. मग कचेरीच्या भिंतीवर त्यांनी आपल्या हातानं लिहिलेला एक कागद लावला. मथळा माझा होता: 'न करण्याची यादी'. 'माझी सही घरातलं कोणी करणार नाही.' 'पंचायतीचं पत्र मी एकटी उघडणार नाही.' आणि तिसरं, 'कोणत्याही बाईची तक्रार तिच्या नवऱ्याच्या तोंडून ऐकणार नाही.' हे तिसरं कलम कुठल्याच डोजेच्या शपथेत नाही. पुढच्या वर्षापासून मी ते वर्गात सांगू लागलो, आणि हे कोणत्या डोजेचं, असं मुलं विचारायची तेव्हा गावाचं नाव सांगायचो. वहिनींनी मुदत पूर्ण केली. शेवटच्या दिवशी तो कागद भिंतीवरच ठेवून आल्या.

दादा माझ्याशी बरेच महिने बोलले नाहीत. मी गावी गेलो की ते शेताकडं निघून जायचे. मग एके दिवशी अचानक फोन करून त्यांनी विचारलं, "त्या डोज्याच्या पोराचं नाव काय म्हनलास रं?" मी सांगितलं. "हां," म्हणाले आणि ठेवला.

माझ्या निरोप समारंभाला ते आले आणि मागच्या रांगेत बसले. प्राचार्यांनी आग्रह केला तेव्हा उभं राहून म्हणाले, "ह्यानं मला जन्मात एकच पत्र लिवलं. शांतानं वाचून दावलं. म्या दोनदा वाचाया लावलं." आणि बसले.

या लेखासाठी त्यांनी ते पत्र ट्रंकेतून काढून दिलं. मी त्यातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका तेवढ्या दुरुस्त केल्या आहेत.

आदरणीय दादांस,

सप्रेम जय भीम.

हे पत्र एकट्यानं उघडू नका. वहिनींना समोर बसवा आणि त्यांनाच वाचायला सांगा. यात त्यांच्यापासून लपवण्यासारखं काही नाही.

आरतीचा दाखला माझ्याकडं आहे. मी तो कुणाला दाखवलेला नाही, दाखवणारही नाही. सही तुमची आहे हे मला विचारावं लागलं नाही. तुम्ही माझ्या पुस्तकावर ज्या हातानं सही करत होता, तोच हात आहे. पण तेव्हा तुम्ही स्वतःचं नाव लिहीत होता. ते नाव वाचून गुरुजी मला विचारायचे, हे कोण रे तुझे? आणि मी सांगायचो. या दाखल्यावरच्या नावाबद्दल मला कुणी विचारलं, तर मी काय सांगू?

जेवताना तुम्ही म्हणालात, त्याचं पोरगं बसलंच की. मी हसलो आणि पुढचं सांगायचं राहिलं. बाप परमुलखात वारल्याची बातमी आली तेव्हा सगळा कारभार त्या मुलाच्या हातात होता. त्यानं नवीन निवड होऊ दिली. दुसरा माणूस निवडून आला, आणि हा उठला. पुस्तकात त्याच्यावर दोन ओळी आहेत. मी इतकी वर्षं बापाचीच गोष्ट सांगत आलो, ही माझी चूक.

तुम्ही खुर्चीच्या हावेनं बसला नाहीत, हे मला ठाऊक आहे. लहानपणी मी आबांचं बोट धरून त्या कचेरीत गेलो आहे. आबा पायरीवर उभं राहून बोलायचे. आत या, असं त्यांना कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. तुम्हाला आत बसलेलं पाहिलं तेव्हा मला आबाच दिसले, म्हणून मी वर्षभर गप्प राहिलो. पण दादा, गावानं मत वहिनींना दिलं आहे. उद्या कुणी त्यांना विचारलं, ही सही तुमची का, तर तुमच्यासाठी त्या खोटं बोलतील. त्यांच्यावर ती वेळ आणू नका.

उद्या कचेरी उघडली की त्यांना खुर्चीवर बसू द्या. तुम्ही घरी राहू नका. त्यांच्या समोर लोकांसाठी बाक आहे, त्यावर पाठ टेकून बसा. आबांना तो बाकसुद्धा मिळाला नव्हता.

तुमचा,
बाळू